डेंग्यूचा ताप उतरल्यावर रक्तदाब मोजला का?

पावसाळ्यात पुण्यात घरोघरी ताप असतो आणि कात्रजपासून वाकडपर्यंत बरेच जण हल्ली फोनवरच डॉक्टरांशी बोलून घेतात. यात गैर काही नाही. नाक वाहतंय, घसा खवखवतोय, खाणंपिणं व्यवस्थित आहे, अशा दुखण्याचं निदान बहुतांशी विचारपूस करूनच होतं. केंद्र सरकारची याबाबतची नियमावली मार्च २०२० पासून आहे, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर सल्ला मोफत मिळतो. शिवाय दवाखान्यातल्या गर्दीत एकाची लागण दुसऱ्याला होणं टळतं.

प्रश्न आहे तो डेंग्यूचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, रुग्ण व्हिडिओवर म्हणतो, "आता बरं वाटतंय," आणि काही जणांच्या रक्तवाहिन्या नेमक्या तेव्हाच पाझरू लागतात. या वाहिन्यांना आतून साखरयुक्त रेणूंचं नाजूक अस्तर असतं, ग्लायकोकॅलिक्स. विषाणूचं एनएस-१ प्रथिन (रक्ततपासणीत शोधतात तेच) आणि आपल्याच प्रतिकारशक्तीची रसायनं ते झिजवतात. पेशींमधले सांधे सैल होतात, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बाहेर झिरपतो. लाल पेशी आतच राहतात, म्हणून रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वाढतं. वाहिन्यांतला द्रव घटला की हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलतं. ते भरून काढायला शरीर हातापायांच्या वाहिन्या आवळतं, त्यामुळे खालचा दाब चढतो, वरचा मात्र बराच वेळ टिकून राहतो. ११०/७० चा १००/८५ होतो. 'वरचा शंभर आहे' म्हणून घरचे निर्धास्त! पण दोन्हींतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला, तर रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेत, चालला आहे.

हे कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यासाठी हाताला पट्टा बांधावा लागतो, तळवे गार पडलेत का ते चाचपावं लागतं, नख दाबून सोडल्यावर लाली दोन सेकंदांत परतते का ते पाहावं लागतं.

आपण मात्र प्लेटलेटचा आकडा धरून बसतो आणि पपईच्या पानांचा रस पाजतो. त्या रसाने हा पाझर थांबतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि त्यात हातचा वेळ जातो.

म्हणून पहिल्या दिवशी फोन खुशाल करा, पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन टाळा. डेंग्यूची शंका असेल तर तिसऱ्या दिवसापासून मात्र घराजवळच्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी, यात हिमॅटोक्रिटही कळतं) रोज करून घ्या, ताप उतरल्यावरही ४८ तास. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.