वाइन ‘ड्राय’ कधी होते?

बेदाणा दुकानात ‘ड्राय फ्रूट’ म्हणून मिळतो आणि नाशिकच्या वाइनच्या बाटलीवरही ‘ड्राय’ लिहिलेलं असतं. दोन्ही द्राक्षाचेच. पण १०० ग्रॅम बेदाण्यात साखर ६० ग्रॅमच्या वर, आणि ड्राय वाइनच्या अख्ख्या लिटरमध्ये साधारण ४ ग्रॅमपर्यंत. बेदाण्यातलं पाणी गेलेलं असतं, वाइनमधली साखर.

‘कोरडी वाइन’ हे भाषांतर म्हणूनच फसतं. जे असायला हवं ते नाही, एवढंच हे इंग्रजी विशेषण बऱ्याचदा सांगतं. ड्राय डेला दारू नसते. ड्राय क्लीनिंगमध्ये पाणी नसतं, कपडे मात्र सॉल्व्हंटमध्ये चिंब भिजतात.

वाइनची द्राक्षं साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर असताना. रसातली साखर यीस्ट खातं. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की अल्कोहोल १ टक्क्याने वाढतं. २२० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर १३ टक्क्यांच्या आसपास.

साखर संपली हे ओळखायचं कसं? बागेत वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसात प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं उपकरण, इथे चुकतो, कारण अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारा हायड्रोमीटर लागतो. नमुना आधी हलवून त्यातला वायू काढायचा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि साखर जास्त दिसते. तापमान २० अंशांजवळ ठेवायचं. वाचन शून्य ब्रिक्सवर आलं तरी वाइन ड्राय झालेली नसते! अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे उरलेली साखर त्याच्याआड लपते. ड्राय वाइनची घनता (पाण्याची १ धरून) ०.९९० ते ०.९९५ पर्यंत उतरते, म्हणजे ब्रिक्स उणे. तेच वाचन दोन-तीन दिवस टिकलं, की प्रयोगशाळेत उरलेली साखर मोजून खात्री करायची.

मधेच आंबणं थांबलं तर पंचाईत होते. यीस्टला नायट्रोजन कमी पडला किंवा टाकी फार तापली, की ते मरगळतं. नाशिकची तोडणी जानेवारीत सुरू होऊन मार्चच्या उन्हापर्यंत चालते, म्हणून टाक्या गार ठेवाव्याच लागतात. पांढऱ्या वाइनला साधारण १४ ते १८ अंश, लालला २५ ते ३०. शिवाय यीस्ट ग्लुकोज आधी संपवतं, मागे उरतं ते जास्त गोड फ्रुक्टोज. अशी वाइन तशीच बाटलीत भरली तर आत पुन्हा आंबायला लागते आणि बूच उडतं.

‘ड्राय म्हणजे साखर नाही, म्हणजे वजन वाढत नाही’ हा प्रचार साफ खोटा. साखरेच्या ग्रॅमला ४ कॅलरी, अल्कोहोलच्या ग्रॅमला ७.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनच्या लेबलवर तर हा शब्द उलटाच फिरतो. युरोपच्या नियमांत ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७. म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ जास्त गोड.

लाल वाइन प्याल्यावर जीभ कोरडी पडते, तेव्हाही लोक ‘किती ड्राय आहे’ म्हणतात. ते काम टॅनिनचं, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याचं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासते. जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर हेच होतं, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे. गोड वाइनही तुरट असू शकते.