चित्र रुंद, कापलेलं की चौकटीत? फोन करण्याआधी दोन्ही रिमोट हातात घ्या

नवा टीव्ही भिंतीवर लावून आमची मुलं दुकानात परत पोचत नाहीत तोच फोन वाजतो : "दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतायत. पॅनल खराब आलाय का हो?" तेच उत्तर फोनवर पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा छापून द्यावं, म्हणून हे पत्रक. वॉरंटी कार्डाबरोबर जपून ठेवा.

पॅनल खराब नाही. जुन्या डबा टीव्हीचा पडदा ४:३ आकाराचा होता, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. आताचे जवळजवळ सगळे टीव्ही १६:९ आहेत. जुन्या मालिका, जुने कृष्णधवल सिनेमे आणि काही एसडी चॅनेल अजून त्या जुन्या आकारातच येतात. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५३ सेंमी उंच असतो. त्यावर ४:३ चित्र पूर्ण उंचीला बसवलं की रुंदी लागते फक्त ७१ सेंमी. उरलेले २४ सेंमी डावी-उजवीकडे बारा-बारा वाटले जातात, आणि त्या तुमच्या काळ्या पट्ट्या. टीव्ही कुठल्याही कंपनीचा आणा, हिशोब हाच.

"पैसे अख्ख्या पडद्याचे घेतले, मग चित्र अर्धवट का?" असं आम्हाला ऐकवलं जातं. पडदा भरून हवा असेल तर दोनच मार्ग आहेत. एक, चित्र आडवं ताणायचं. मग प्रत्येक माणूस एक तृतीयांश जाड होतो, नायिकेचा चेहरा पुरीसारखा फुगतो आणि सायकलचं चाक अंडाकृती दिसतं. दुसरा, झूम. त्यात माणसं सरळ राहतात, पण चित्राची पाव उंची कापली जाते. वरून डोकी जातात, खालून बातम्यांची पट्टी आणि मॅचचा स्कोअर जातो. सिंगल बेडची चादर डबल बेडवर घातल्यासारखं आहे हे : ओढून ओढून फाटेल, पण दोन्ही कडा झाकणार नाहीत.

म्हणूनच टीव्ही बसवताना आम्ही चित्र 'ओरिजिनल' किंवा '१६:९'वर ठेवून येतो, ताणून देत नाही. दुकानात तोच टीव्ही पडदाभर दिसला होता हे खरं आहे. पण तिथे पेन ड्राइव्हवरचा डेमो चालू असतो आणि तो १६:९ आकारातच बनवलेला असतो. सगळीच दुकानं असं करतात, आम्हीही करतो.

सिनेमाच्या वेळी पट्ट्या वर-खाली दिसतात, त्याचं कारण वेगळं. मोठ्या पडद्यासाठी काढलेले बरेच सिनेमे २.३५:१ किंवा त्याच्या आसपासच्या आकाराचे असतात, टीव्हीपेक्षाही रुंद. तिथे पडद्याची जवळजवळ पाव उंची काळी राहते. राहू द्या.

आता ज्या चुकीपायी तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, तिच्याकडे येऊ. चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, मधोमध पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं, आणि लोक आधी टीव्हीचा रिमोट उचलतात. दोष तिथे नसतो. सेट-टॉप बॉक्समध्ये '४:३ टीव्ही' असं सेटिंग राहून गेलेलं असतं, विशेषतः जुनाच बॉक्स नव्या टीव्हीला जोडला असेल तर. बॉक्स रुंद चित्राला वर-खाली पट्ट्या लावून ते ४:३ मध्ये बसवतो, आणि टीव्ही त्याला बाजूच्या पट्ट्या लावतो. मग तुम्ही टीव्हीवर झूम करता. त्या चॅनेलवर चित्र भरतं, पुढच्या चॅनेलवर कापलं जातं. घरातली मुलं आणखी काहीतरी दाबतात आणि शेवटी कुणीतरी 'फॅक्टरी रिसेट' करतं. चौकट जात नाही, पण वाय-फायचा पासवर्ड आणि सगळ्या ॲपची लॉग-इन मात्र जातात. पासवर्ड पुण्यातल्या मुलाला माहीत असतो आणि तो मीटिंगमध्ये असतो. आमच्या दुकानातला मुलगा तोवर तासभर चहा पीत बसतो.

तेव्हा क्रम असा : आधी टीव्हीचं चित्र १६:९वर आणा आणि तो रिमोट खाली ठेवा. मग बॉक्सच्या रिमोटने मेनू उघडा, सेटिंगमध्ये व्हिडिओ किंवा डिस्प्ले असं काहीतरी सापडेल, तिथे टीव्हीचा आकार १६:९ करा. बॉक्स एचडी असेल तर रिझोल्यूशनही तिथेच १०८० करून घ्या. मग एखाद्या एचडी चॅनेलवर जा आणि पडद्यावर गोल काही दिसतंय का बघा, घड्याळ, चाक, काहीही. गोल गोलच दिसलं तर काम झालं. एवढं करूनही एखाद्याच एसडी चॅनेलवर चौकट राहिली, तर पट्ट्या त्या चॅनेलने चित्रातच घालून पाठवलेल्या आहेत. त्या ना तुमच्या हातात, ना आमच्या.

बऱ्याच टीव्हींमध्ये हे सेटिंग प्रत्येक जोडणीचं वेगळं असतं. एचडीएमआय १ वर केलेला बदल एचडीएमआय २ वर दिसला नाही, तर टीव्ही विसरभोळा नाही.

लॅपटॉप जोडल्यावर कडेचे आयकॉन कापले जात असतील, तर ती जुन्या टीव्हीपासून आलेली खोड आहे. डबा टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड लपवायची पद्धत होती. सपाट टीव्हीत त्याची गरज उरली नाही, तरी काही टीव्ही अजून चित्र थोडं फुगवतात. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट', सोनीमध्ये 'फुल पिक्सेल' निवडा. नाव निराळं, काम एकच.

काळ्या पट्ट्यांनी साधा एलईडी टीव्ही बिघडत नाही. ओएलईडी घेतला असेल तर मात्र महिनोन् महिने रोज सात-आठ तास पट्ट्यांचंच चित्र लावून ठेवू नका, पडद्यावर पट्ट्यांची खूण उमटून राहू शकते.

एचडी बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडलेला असेल, तर एचडीचे पैसे फुकट जातायत, त्या वायरीतून एचडी येतच नाही. एचडीएमआय केबल आमच्याकडे मिळते. दुसरीकडून आणलीत तरी जोडून देऊ. आणि टीव्ही घ्यायच्या आधीच सांगा, घरात जुने सिनेमे जास्त बघितले जातात का. ३२ इंची टीव्हीवर ४:३ चित्र जेमतेम २६ इंचीएवढं दिसतं, ४३ इंचीवर ३५ इंचीएवढं. आजोबांच्या खोलीसाठी टीव्ही घेताना हा फरक लक्षात घ्या.

टीव्ही बसवल्यापासून पंधरा दिवस सेटिंगसाठी घरी येण्याचे पैसे आम्ही घेत नाही. त्यानंतर ३०० रुपये घेतो. काम पाच मिनिटांचं असलं तरी जाऊन-येऊन मुलाचे दोन तास मोडतात. फोनवर मात्र केव्हाही फुकट सांगू, दुकान उघडं असताना. फक्त फोन करताना टीव्हीसमोर उभे राहा, स्वयंपाकघरातून नको, आणि बॉक्सच्या रिमोटमध्ये सेल आहेत ना, ते आधी बघा.