डेटाशीटमध्ये किती सांगायचं? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

चिप किंवा यंत्र आतून कसं चालतं हे सांगणारा निर्मात्याचा दस्तऐवज म्हणजे डेटाशीट. त्यात किती उघड करायचं, हा प्रश्न जुना आहे. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलही विकायला ठेवलं. त्यात बोर्डाची संपूर्ण सर्किट आकृती होती आणि बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, असेम्ब्ली कोडही ओळ न् ओळ छापलेला होता. ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. ॲपल-२च्या १९७८च्या रेफरन्स मॅन्युअलमध्येही सर्किट आणि रॉममधला (कायमच्या मेमरीतला) कोड होताच. यंत्र घेणारा माणूस ते उघडणार, त्याला कार्ड जोडणार, बिघडलं तर मल्टिमीटर घेऊन बसणार, हे त्या काळी गृहीत होतं.

आयबीएमला हा मोकळेपणा महाग पडला. कोड छापलेला असला तरी त्याचा कॉपीराइट आयबीएमकडेच होता. म्हणून पीसीसारखंच यंत्र बनवू पाहणाऱ्या कॉम्पॅक कंपनीने एका गटाला तो वाचून बायोस काय काय करतं एवढंच लिहून काढायला सांगितलं आणि ज्यांनी मूळ कोड पाहिलाच नव्हता अशा लोकांकडून नवा लिहून घेतला. १९८४मध्ये फीनिक्स या सॉफ्टवेअर कंपनीने याच पद्धतीचं बायोस इतर कंपन्यांना विकायला काढलं. माझ्या मते आजचा सगळा पीसी उद्योग त्या मॅन्युअलचं देणं लागतो. कंपन्यांनी मात्र यातून धडा घेतला तो हात आखडता घेण्याचा.

त्याचं सर्वांत ठळक उदाहरण इन्टेलचं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पिढ्या ज्यांच्यावर शिकल्या, त्या ८०८५ आणि ८०५१ या चिपांची प्रत्येक इन्स्ट्रक्शन, प्रत्येक पिन, टायमिंगचे आलेख इन्टेलने उघडपणे छापले होते. १९९३च्या पेंटियम प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये मात्र काही सुविधांची वर्णनं गाळून ‘परिशिष्ट एच पाहा’ असं लिहिलेलं होतं. ते परिशिष्ट गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्यांनाच मिळत असे. बाकीच्यांनी प्रयोग करकरून त्यातलं बरंच शोधून काढलं.

पण न सांगितलेल्या सुविधेपेक्षा न सांगितलेला दोष जास्त घातक असतो. १९९४मध्ये लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आढळलं की पेंटियम काही भागाकार चुकीचे करतो. इन्टेलला तोवर हा दोष माहीत झाला होता, पण ग्राहकांना कळवलेला नव्हता. नाइसलींनी तो जाहीर केल्यावर एवढा गदारोळ झाला की डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली, आणि त्यापायी इन्टेलने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडला. त्यानंतर प्रोसेसरच्या ज्ञात दोषांच्या याद्या इन्टेल उघडपणे प्रसिद्ध करू लागली. या याद्यांना इरेटा म्हणतात. नवी चिप वापरायला घेताना डेटाशीटच्या आधी इरेटा वाचावा, हे मी आग्रहाने सांगेन. डेटाशीट चिप कशी असायला हवी ते सांगतं, इरेटा ती कशी आहे ते सांगतो.

२०१२मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक-बोर्ड आला, तेव्हा त्याच्या ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपमधल्या पेरिफेरल्सची (पिना, टायमर अशा जोडभागांची) माहिती देणारं पीडीएफ खुलं झालं. मात्र त्यात चुका होत्या आणि त्यांची यादी वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन ठेवली. त्याच चिपमधल्या ग्राफिक्सची कागदपत्रं खुली व्हायला २०१४ उजाडलं. पुढे रास्पबेरी पायने स्वतःची चिप काढली, तेव्हा चित्र बदललं. २०२१च्या आरपी२०४०चं डेटाशीट सहाशेहून अधिक पानांचं आहे, आणि त्यात आकृत्यांबरोबर चालणारा नमुना कोडही आहे. चिप बनवणाऱ्यांनीच वेळ काढला तर काय होऊ शकतं, ते इथे दिसतं.

तरीही काम संपत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या त्यांच्याच आरपी२३५० चिपच्या जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुटच्या) पिनांमध्ये दोष निघाला. तो ‘ई९’ या क्रमांकाने डेटाशीटमध्ये नोंदवला गेला, आणि आधी वाटला त्यापेक्षा व्यापक निघाल्यामुळे ती नोंदही सुधारावी लागली. नंतरच्या ए४ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. पण आधीच्या ए२ आवृत्तीची चिप असलेले बोर्ड विकले गेलेले आहेत आणि सॉफ्टवेअरसारखे ते परत अपडेट करता येत नाहीत. ते वापरात आहेत तोवर त्या डेटाशीटला दोन्ही आवृत्त्यांची वेगवेगळी माहिती द्यावीच लागेल.