पहिली ओळख

ओळखपरेडीत, म्हणजे साक्षीदाराने रांगेतून गुन्हेगार ओळखायचा असतो तेव्हा, आरोपीच्या शेजारी उभी करायची माणसं आणतात कुठून, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. उत्तर मिळालं ते आमच्या एका काकांकडून. मराठवाड्यातल्या एका तहसील कचेरीत ते फेरफाराच्या नकलेसाठी बसले होते. एकाने येऊन 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणून त्यांना जीपमध्ये बसवलं आणि थेट कारागृहात नेऊन रांगेत उभं केलं. नक्कल त्या दिवशी राहिली ती राहिलीच. काका सांगायचे, "ती बाई माझ्यासमोर येऊन थांबली ना, तेव्हा मलाच वाटलं, आपण काही केलंय की काय."

परेडीचे नियम तसे चांगले आहेत. एका आरोपीमागे निदान सहा तरी डमी, म्हणजे काकांसारखी बाहेरची माणसं, हवेत, तेही साधारण त्याच वयाचे आणि चणीचे. एका परेडीत दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. पोलिसांनी तिथे थांबायचं नाही. हे सगळं पाळलं, तरी एक गोष्ट उरतेच. साक्षीदाराची आठवण ही कपाटात ठेवलेली फोटोप्रत नाही. आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो, आणि जुळवताना मधल्या काळात कानावर पडलेलंही तिच्यात मिसळतं.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये हे फार साध्या रीतीने दाखवलं. 150 विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. मग पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नास जणांना तोच प्रश्न, फक्त क्रियापद जास्त जोराचं, गाड्यांचा चुराडा होईल असं. उरलेल्या पन्नास जणांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी 7 जण हो म्हणाले, जोरकस क्रियापद ऐकलेल्यांपैकी 16. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एका शब्दाने त्यांच्या डोक्यात काच फोडली होती.

गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांचा 1998 चा प्रयोग तर आपल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात वाचून दाखवावा असा आहे. गोळी झाडणाऱ्याचं चित्रण दाखवलं आणि मग फोटो पुढे ठेवले. खऱ्या माणसाचा फोटो त्यांत नव्हताच, तरी लोकांनी कुणावर तरी बोट ठेवलं. त्यानंतर काहींना नुसतं म्हटलं, 'छान, संशयित हाच.' तेवढ्यावर ती माणसं छातीठोकपणे सांगू लागली, की आम्हाला आधीपासूनच खात्री होती, चेहरा अगदी नीट दिसला होता. कोर्टात साक्षीदार ठामपणे बोलतो तेव्हा तो ठामपणा त्या रात्रीचा, की नंतर कुणी 'छान' म्हटल्याचा?

म्हणून या विषयातले संशोधक हल्ली सांगतात, की साक्षीदाराची आठवण घटनास्थळावरच्या रक्ताच्या डागासारखी हाताळा. पहिला नमुना त्यातल्या त्यात शुद्ध असतो. एकदा एखादा चेहरा दाखवला, की तो चेहराही आठवणीत जाऊन बसतो, आणि पुढच्या वेळी तो 'ओळखीचा' वाटतो. कुठला ओळखीचा, हे मात्र मेंदू सांगत नाही.

हे डोक्यात ठेवून नाशिकजवळचं 2003 सालचं प्रकरण वाचलं की अंगावर काटा येतो. पेरूच्या बागेतल्या झोपडीवर जून महिन्यात रात्री दरोडा पडला, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. आई आणि एक मुलगा वाचले. तपासाचा धागा जालना जिल्ह्यातल्या भोकरदनपर्यंत आला आणि भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर आरोपी झाले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच सुनावली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झालं.

मग फेरविचार झाला, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली होती. निकालात एक बाब ठळकपणे आली. घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या आईला पोलिसांच्या रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचा अल्बम दाखवला होता, आणि तिने त्यातले चौघे ओळखले होते. या सहांपैकी एकही त्यांत नव्हता. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा तसा जबाबही नोंदवला गेला. तो सरकार पक्षाने दडवला, आणि त्या चौघांच्या दिशेने तपास झाला नाही.

म्हणजे पहिला नमुना हातात होता. अल्बमवरची ओळख बिनचूकच असते असं नाही. त्यातला प्रत्येक चेहरा रेकॉर्डवरचा, कुणावरही बोट ठेवलं तरी तो संशयितच. पण तोलायला ती कोर्टापुढे यायला हवी होती. आली ती नंतरच्या परेडीतली ओळख.

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला टेबलाखालचं पाकीट दिसतं. इथे कुणी पैसे खाल्ले असं माझं म्हणणं नाही. फाईलमधला एक कागद बाजूला सारायला पाकीट लागतच नाही. शिक्षेनंतर निर्दोष ठरलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल रजिस्ट्री ऑफ एक्झॉनरेशन्सने 2020 मध्ये चुकीच्या शिक्षेची 2,400 प्रकरणं तपासली. 54 टक्क्यांत पोलीस, सरकारी वकील किंवा इतर अधिकाऱ्यांचं गैरवर्तन सापडलं. खुनाच्या खटल्यांत हेच प्रमाण 72 टक्के. सगळ्यांत जास्त आढळलेला प्रकार होता आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवण्याचा, 44 टक्के.

कागद दडवणाऱ्याला बहुधा वाटत असतं, की आपण खऱ्या गुन्हेगारालाच अडकवतोय. संशोधक इटिएल ड्रोर यांनी 2006 मध्ये पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले बोटांचे ठसे दिले, पण एका गाजलेल्या चुकीच्या ओळखीतले म्हणून. चौघांनी आपलंच मत बदललं. आधी कानावर पडलेली गोष्ट तज्ज्ञाची नजर फिरवते. मग पालात राहणाऱ्या माणसाबद्दल 'यांची जातच तसली' हे लहानपणापासून ऐकलेल्या अंमलदाराचं काय होत असेल? इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. शिक्का मात्र अजून वाड्या-वस्त्यांवर फिरतो.

डीएनएने हे थोडं बदललं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना 1984 मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत सापडली, आणि इंग्लंडमध्ये खुनाच्या तपासात ती वापरली तेव्हा सुटला तो सतरा वर्षांचा, गुन्हा कबूल केलेला मुलगा! खरा गुन्हेगार नंतर सापडला. पण डीएनएला नमुना लागतो, आणि आठवणीचा नमुना कुठल्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवता येत नाही. ती शुद्ध होती याचा पुरावा म्हणजे पहिल्या दिवसाचा तो कागदच.

नव्या फौजदारी कायद्यांप्रमाणे 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूदही त्यांत आहे. चांगलंच आहे. साक्षीदाराने अल्बममध्ये पहिल्यांदा कुणावर बोट ठेवलं, तो कागद मात्र आजही आधी तपासी अंमलदाराच्याच टेबलावर येतो.

न्यायालयाने त्या सहांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि चूक करणारे अधिकारी शोधून कारवाई करायला राज्याला बजावलं. काकांना मी हे सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ती बाई माझ्यापुढून सरकली कशी, तेच मला अजून कळलेलं नाही."