चनुंपा म्हणजे चिलीम नव्हे

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल मराठीत काही छापून आलं की त्यात एक वाक्य हमखास असतं: हे लोक धार्मिक विधीत चिलीम ओढतात. कुणी तिला 'शांततेची चिलीम' म्हणतं, कुणी 'आपल्या साधूंसारखीच' अशी पुस्ती जोडतं. हे इतक्या वेळा वाचलंय की आता गप्प बसवत नाही. लाकोटा या तिथल्या एका जमातीचा चनुंपा, म्हणजे त्यांचा पवित्र पाइप, ही चिलीम नव्हे, आणि आकारातला फरक हे त्याचं कारण नव्हे.

चिलमीबद्दल मराठी माणसाला नव्यानं काय सांगायचं? मातीची, सरळ, खाली निमुळती. आत खडा, वर तंबाखू नाहीतर गांजा, त्यावर निखारा, तोंडाशी ओली छापी. शिर्डीच्या साईबाबांची चिलीम ठाऊक आहे, शेगावच्या गजानन महाराजांची विस्तवाशिवाय पेटलेली चिलीम ठाऊक आहे, त्र्यंबकच्या सिंहस्थात धुनीभोवती फिरणारी तर अनेकांनी डोळ्यांनी पाहिलीय. आमच्या गावात भजन आटोपलं की एक आजोबा देवळाच्या पायरीवर बसून छापी तांब्यात बुडवायचे, दोन बोटांत पिळायचे आणि चिलमीला गुंडाळायचे. ती ओली फडकी इतकी नेमकी बसायची की बघत राहावं. चिलीम फुटली तर बाजाराच्या दिवशी दुसरी यायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चनुंपाचे भाग दोन: दगडाची वाटी आणि लाकडाची लांब दांडी. दगड बहुतेक तांबडा, मिनेसोटातल्या पाइपस्टोन नावाच्याच गावाजवळचा. कठीण क्वार्टझाइटच्या थरांखाली दडलेला मऊ पट्टा असतो तो; घण, पाचर आणि पहार वापरून हातानं काढावा लागतो. १९३७पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे आणि दगड काढायचा परवाना फक्त मूळ जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांना मिळतो.

भरतात काय, यावरही गोंधळ आहे. चनुंपात गांजा नसतो. तांबड्या फांद्यांच्या एका झुडपाची आतली साल वाळवून भरतात, कधी तिच्यात तंबाखू मिसळतात. गांजा अमेरिकेतला नव्हेच, तो युरोपीय लोकांबरोबर तिथे गेला. उलट तंबाखू तिकडून आपल्याकडे आली. अकबराचा सरदार असद बेग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरला गेला, तिथे त्याला ती सापडली आणि त्यानं ती बादशहासमोर ठेवली. म्हणजे आपल्या चिलमीतला निम्मा ऐवज त्यांच्या भूमीतला आहे.

हे सगळे फरक वरवरचे. ज्याच्यावर जवळजवळ प्रत्येक जण ठेचकाळतो तो फरक धुराचा आहे: धूर कोणासाठी?

चिलमीचा धूर ओढणाऱ्यासाठी असतो. साधू 'बम भोले' म्हणून चिलीम कपाळाला लावतो, शंकराला अर्पण करतो, हे खरं. पण मग तो झुरका छातीत भरून घेतो. प्रसाद पोटात जावा तसा तो धूर आत जातो, आणि जे व्हायचं ते आत होतं. म्हणून चिलमीत महत्त्व भरलेल्या मालाला, धुनीला, ती पुढे करणाऱ्या गुरूच्या हाताला. मातीच्या नळीला नाही. ती फुटली तर दुसरी येते.

चनुंपाचा धूर ओढणाऱ्यासाठी नसतो. तो साधारणपणे छातीत घेतही नाहीत; तोंडात घेतात आणि सोडून देतात. वर जाणारा धूर प्रार्थना घेऊन जातो, अशी श्रद्धा आहे. भरतानाच विधी सुरू होतो. एकेक चिमूट एकेका दिशेच्या नावानं: पश्चिम, उत्तर, पूर्व, दक्षिण, मग आकाश, मग धरती. त्या वेळी त्याचं खास गाणं म्हणतात. वाटी भरते तेव्हा सगळं विश्व तिच्यात आलेलं असतं. मग ती प्रदक्षिणेच्या दिशेनं हातोहात फिरते आणि लोक 'मिताकुये ओयासिन' म्हणतात, म्हणजे 'माझे सगळे नातलग'. त्या नातलगांत माणसं आली, गवे आले, झाडं आली, दगडही आले. तुलना करायचीच तर माझ्या मते होमाशी करा. आहुती अग्नीत पडते, धूर वर जातो. तो हुंगण्यासाठी कुणी होम करत नाही.

आणि इथे वस्तूच पवित्र असते. लाकोटांच्या परंपरेत पहिला चनुंपा एक दैवी स्त्री घेऊन आली; जाताना तिनं पांढऱ्या गव्याच्या वासराचं रूप घेतलं. तो आजही साउथ डकोटातल्या ग्रीन ग्रास इथे जपून ठेवलाय. आर्व्हल लुकिंग हॉर्स हे त्याचे एकोणिसाव्या पिढीचे राखणदार. ही जबाबदारी त्यांच्याकडे बाराव्या वर्षी आली. आपल्याकडे पादुकांना जे स्थान, ते तिथे त्याला आहे. पादुका झिजल्या म्हणून बाजारातून दुसऱ्या आणत नाहीत.

'शांततेचा पाइप' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. गोऱ्यांनी तो तह करताना पाहिला आणि तेवढंच नाव ठेवलं. खरं तर त्याच्या साक्षीनं बोललेला शब्द बांधील होतो, मग तो तहाचा असो की युद्धाचा. लाकोटांचे मित्र शायेन एक हकिकत सांगतात. १८६९ साली अमेरिकी सैन्याचा अधिकारी कस्टर त्यांच्या तळावर आला. पवित्र बाणांच्या राखणदारानं त्याच्यासोबत पाइप ओढला, राख त्याच्या बुटांवर झटकली आणि बजावलं, शब्द मोडलास तर मरशील. १८७६मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर आपल्या तुकडीसह मारला गेला. ही शांतता नव्हे, शपथ आहे. तुळशीपत्र हातात घेऊन खोटं बोलायला आपल्याकडची माणसं का कचरतात, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

तेव्हा मराठीत लिहिताना 'चनुंपा' असंच लिहावं, किंवा 'लाकोटांचा पवित्र पाइप'. 'चिलीम' नको, तो आपला चांगला शब्द आहे, आपल्या धुनीपाशीच राहू द्या. 'रेड इंडियन' तर आता पुरे.

एक मात्र मनापासून सांगतो, खास करून अमेरिकेतून येणाऱ्या आप्तांना. तिकडच्या दुकानातून पिसं लावलेला पाइप आणतात आणि दिवाणखान्यात वाटी-दांडी जोडून टांगतात. तो विकावा की नाही यावर खुद्द त्या जमातींतच तीव्र मतभेद आहेत, म्हणून मी तर घेऊच नका म्हणेन. पण घरात आलाच असेल तर निदान दांडी काढून ठेवा. विधी नसतो तेव्हा ते दोन्ही भाग वेगळे करून पिशवीत ठेवतात. जोडलेला चनुंपा म्हणजे प्रार्थना सुरू झाली.