सॉफ्टवेअर व्यावसायिकांचा परवाना

डॉक्टर किंवा वकिलाप्रमाणे सॉफ्टवेअर अभियंत्यानेही परीक्षा देऊन कायदेशीर परवाना घ्यावा आणि त्याविना काम करू नये, अशी मागणी. कंपन्यांची प्रमाणपत्रे ही वेगळी गोष्ट. प्रमाणपत्र कौशल्याची ग्वाही देते. परवानाधारक मात्र कामावर सही करतो आणि त्यात हलगर्जी झाली तर परवाना गमावतो.

या चर्चेत थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे नाव हटकून निघते. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका व कॅनडात त्यातून सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा मिळाली, काही दगावले. टेक्सासमधील टायलर येथे तंत्रज्ञाकडून ‘ई’ (इलेक्ट्रॉन किरण) ऐवजी ‘एक्स’ (क्ष-किरण) टाइप झाले. चूक लगेच दुरुस्त केली, पण आठ सेकंदांच्या आत केलेला बदल यंत्रणेला कळतच नसे. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. रोजच्या सवयीने पुढे जाण्याचे बटण दाबले गेले. हाच दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता. तिथे हार्डवेअरमधले अडसर किरण रोखत. नव्या यंत्रात ते काढून सारी भिस्त प्रोग्रामवर ठेवली होती.

टेक्सासमध्ये अभियंत्यांचा परवानाही दुर्घटनेतूनच आला. १९३७ साली न्यू लंडन येथील शाळेत गंधहीन वायू गळून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण, बहुतेक मुले, मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी कायदा झाला. १९९८ मध्ये याच राज्याने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीला परवान्याची शाखा म्हणून मान्यता दिली. अमेरिकेतील राष्ट्रीय परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. पाच वेळा मिळून बसले ८१ जण, आणि २०१९ नंतर ती बंद पडली. परवान्यावाचून कोणाचे अडतच नव्हते: उत्पादक कंपन्यांतील नोकरदार अभियंत्यांना बहुतेक राज्यांत सूट आहे.

असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेने परवान्याला विरोध केला. हे ज्ञान अजून पुरेसे स्थिरावलेले नाही, परवान्याने सुरक्षिततेची खोटी हमी मिळेल, असे तिचे म्हणणे. आक्षेपात तथ्य आहे. स्वतःच्या बळावर शिकलेल्यांची वाट सरसकट सक्तीने बंद होईल, ही भीतीही खरी. पण जिथे जीव टांगणीला लागतो, त्या यंत्रणांवर जबाबदार माणसाची सही हवीच. ती सही नाकारण्याचा अधिकारही तितकाच मोलाचा: मुदत कितीही जवळ आली तरी ‘हे अजून तयार नाही’ असे कायद्याच्या आधाराने म्हणता येते.

कॅनडात मात्र वाद बराचसा ‘इंजिनिअर’ या पदनामाभोवतीच फिरला. अल्बर्टा प्रांताने २०२३ मध्ये ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे पदनाम परवान्याविना वापरायला मुभा दिली.