अदलाबदल नेमकी कशाची? सेवा-क्लबांच्या अल्पकालीन विद्यार्थी-विनिमयाची पार्श्वभूमी

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा-क्लबांच्या युथ एक्स्चेंजचा विषय निघाला की वर्षभर परदेशी शाळेत शिकणारा विद्यार्थी आठवतो, आणि तीन-चार आठवड्यांचा विनिमय हे त्याचेच आखूड रूप आहे असे गृहीत धरले जाते. कालक्रम पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील नीस आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील क्लबांनी मुलांना परदेशी घरांत पाठवण्याचे आणि बोलावण्याचे जे पहिले प्रयत्न केले, त्यांत शालेय वर्षाचा हिशेब नव्हता. १९३९ मध्ये कॅलिफोर्निया आणि लॅटिन अमेरिका यांच्यात मुलांची ये-जा सुरू झाली. युरोपात मात्र महायुद्धाने हे सारे थांबवले आणि १९४६ नंतर ते पुन्हा उभे राहिले. वर्षभराचा शालेय विनिमय रूढ झाला तो १९५८ च्या सुमारास.

युद्धोत्तर काळात हे क्षेत्र केवळ क्लबांचे राहिले नाही. १९४७ पासून अमेरिकन फील्ड सर्व्हिस या युद्धातील रुग्णवाहिका-स्वयंसेवकांच्या संघटनेने शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली, तर १९६३ च्या करारानंतर फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी सरकारी निधीतून तरुणांच्या भेटी घडवल्या. क्लबांचे वेगळेपण पैशाच्या व्यवहारात होते. प्रवासखर्च आणि विमा पालकांचा, राहणे-जेवणे यजमान कुटुंबाचे, आणि जुळवाजुळव करणाऱ्या स्वयंसेवकाला मानधन नाही. सगळ्यांत मोठा खर्च, म्हणजे परक्या मुलाला महिनाभर घरात सांभाळणे, कोणत्याच ताळेबंदात येत नव्हता, आणि ज्या गृहिणी तो उचलत त्यांना प्रमुख क्लबांचे सदस्यत्व १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत खुले नव्हते. विनिमयाच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून येथे केला.

१९७२ मध्ये रोटरी या सर्वांत जुन्या सेवा-क्लब चळवळीच्या मध्यवर्ती मंडळाने युथ एक्स्चेंजची शिफारस जगभरच्या क्लबांना केली. त्यानंतर हे काम हळूहळू एकेका क्लबाकडून प्रांताच्या (एका भागातील अनेक क्लब मिळून होणाऱ्या विभागाच्या) समितीकडे सरकले, आणि ‘एक्स्चेंज’ या शब्दाचा अर्थ काय, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

वर्षभराच्या विनिमयात अर्थ सैल असला तरी चालते. एका प्रांताने पाच मुले पाठवली आणि पाच घेतली की हिशेब जुळतो. ज्या घरातून मूल गेले त्याच घरात पाहुणा यावा अशी अट नसते, आणि पाहुणा वर्षभरात दोन-तीन घरे बदलतो. अल्पकालीन विनिमयाचे मूळ रूप याहून काटेकोर आहे. त्यात दोन कुटुंबांची थेट जोडी लागते. साधारणपणे १५ ते १९ या वयातील, सारख्या आवडीनिवडींची दोन मुले निवडली जातात; ती काही आठवडे एकाच्या घरी एकत्र राहतात आणि नंतर तितकेच आठवडे दुसऱ्याच्या घरी. येथे देणारा आणि घेणारा एकच असतो, त्यामुळे एका बाजूने शेवटच्या क्षणी माघार घेतली तर प्रांताच्या बेरजेत ती लपत नाही. समोरच्या घरात तिकीट काढून बसलेले एक मूल असते.

ही जोडी जुळवणे वाटते त्याहून अवघड आहे. उत्तर गोलार्धातील बहुतेक देशांत मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि दक्षिण गोलार्धातील डिसेंबर-जानेवारीत, त्यामुळे दोघांची सुट्टी एकाच वेळी असणे शक्य नसते. मग एक मूल सुट्टीत येते आणि यजमान मुलाच्या शाळेत वर्गात मागच्या बाकावर बसून राहते, आणि परतभेट सहा महिन्यांनी होते. एवढ्या अंतराने येणाऱ्या परतभेटीत घरची परिस्थिती बदललेली असू शकते. शिवाय घरात स्वतंत्र खोली नसेल, किंवा त्या वयाचे मूलच नसेल, तर ते कुटुंब या रचनेबाहेर राहते.

शिबिरांचा पर्याय यातून लोकप्रिय झाला. लायन्स या दुसऱ्या एका मोठ्या क्लब-चळवळीने १९६१ मध्ये आपला युवक-विनिमय सुरू केला तेव्हाच शिक्षणाचा भाग त्यातून वगळला होता, आणि १९७४ पासून आंतरराष्ट्रीय शिबिरांची जोड दिली. शिबिराची रचना सोपी असते: एक प्रांत दोन-तीन आठवड्यांचा कार्यक्रम ठरवतो, निरनिराळ्या देशांतून प्रत्येकी एक-दोन मुले बोलावतो, आणि त्या देशांतील प्रांत कधीतरी आपली शिबिरे भरवतील अशी अपेक्षा ठेवतो. या अपेक्षेलाच ‘परस्परता’ म्हटले जाऊ लागले. समर्थकांचे म्हणणे असे की ज्या घरांना पाहुणा ठेवणे जमत नाही त्यांच्या मुलांनाही यामुळे दार उघडते, आणि ते खरे आहे. परंतु ज्या प्रांतांनी वर्षानुवर्षे मुले पाठवली आणि शिबिर एकदाही भरवले नाही त्यांच्याबाबत काय करायचे, याचे उत्तर या व्याख्येत नाही. शिवाय वीस समवयस्कांच्या गटात फिरणाऱ्या मुलाला यजमान देशातील घर किती दिसते, हा प्रश्न उरतो. कुटुंब-जोडीत कंटाळवाणी दुपार, घरातले रुसवेफुगवे आणि न आवडलेली भाजी हे सारे वाट्याला येते. विनिमयाचा गाभा तोच होता. शिबिराला विनिमय म्हणण्यास हरकत नाही, पण दोन्हींची आकडेवारी एकाच रकान्यात मांडली की जोड्या कमी होत गेल्या तरी ते लक्षात येत नाही.

गोंधळ ‘विद्यार्थी’ या शब्दातही आहे. अमेरिकेच्या १९६१ च्या विनिमय-कायद्याखालील शालेय विद्यार्थ्यांचा व्हिसा किमान एका सत्राच्या शिक्षणासाठी असतो, म्हणून काही आठवड्यांसाठी जाणारे मूल कागदोपत्री पर्यटकच ठरते. शेंगेन देशांतही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतही) १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा अल्प मुक्कामाला लागू होते, आणि क्लबांची तीन महिन्यांची कमाल मुदत तिच्याशी मिळतीजुळती आहे. परिणाम असा की विमानतळावर अधिकाऱ्याने उद्देश विचारला आणि मुलाने उत्साहाने ‘स्टुडंट एक्स्चेंज’ असे सांगितले, तर खुलासे करत बसावे लागते. अनुभवी समित्या निमंत्रणपत्रात ‘कौटुंबिक भेट’ असे स्पष्ट लिहितात आणि दोन्ही पालकांच्या सहीचे संमतिपत्र मुलाच्या हातातल्या पिशवीत ठेवायला लावतात.

२००० नंतरच्या काळात मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले: यजमान घरातील प्रत्येक प्रौढाची पोलीस पडताळणी, मुलाखत, घरभेट, आणि तक्रार आल्यास संबंधित व्यक्तीला तत्काळ दूर करणे. वर्षभराच्या विनिमयात यावर फारसे दुमत झाले नाही. अल्पकालीन विनिमयात मात्र अनेक पालकांनी नाराजी दाखवली. आपण आपलेच मूल समोरच्या घरी पाठवत असताना आपली चौकशी कशासाठी, असा त्यांचा सूर होता. नियम सर्वांना सारखे ठेवले गेले आणि ते योग्यच होते, कारण चार आठवड्यांच्या मुक्कामात मुलाला विश्वासाचे दुसरे माणूस शोधायला वेळच मिळत नाही. किंमत म्हणून जोडी निश्चित करण्याचा काळ लांबला, आणि ज्या प्रांतात एकच स्वयंसेवक सगळे कागद हाताळत होता तेथे काम रेंगाळले. मे २०१८ मध्ये युरोपातील माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर मुलांचे वैद्यकीय तपशील ईमेलने सर्व क्लबांना पाठवण्याची जुनी सवयही सोडावी लागली.

मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा अर्धवट राहिलेल्या जोड्यांचा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्याकडे पाहुणा येऊन गेला होता, पण स्वतःच्या मुलाची पाळी यायची होती, त्यांना परतभेटीचा हक्क किती काळ राहतो, याचे उत्तर बहुतेक नियमावल्यांत नव्हते. काही मुले या काळात वयोमर्यादेपलीकडे गेली. पडद्यावरच्या भेटी भरवल्या गेल्या आणि त्यांनाही विनिमय म्हटले गेले. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनने युरोपीय संघातील बहुतेक नागरिकांचे ओळखपत्र प्रवेशासाठी नाकारले, त्यामुळे शेजारच्या देशातील मुलालाही पासपोर्ट काढावा लागू लागला. आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर, जेथे पूर्वी आवडीनिवडी विचारल्या जात, तेथे आता पासपोर्टची मुदत कधी संपते हे आधी लिहावे लागते.